फोर्कचा निकाल

२८ सप्टेंबर, रविवार

सायकल आली. नुसती सायकल नव्हे, माउंटन बाइक. पुढे सस्पेन्शन फोर्क आहे. म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन चकचकीत दांड्या धक्का बसला की आत जातात आणि परत वर येतात. आईनं चष्मा लावून सगळीकडून पाहिली आणि विचारलं, किरणा, हिला कॅरियर कुठाय? मी हसून सोडून दिलं.

खरेदीचं कारण इथे नोंदवून ठेवतो. माझी बायको मेघा, तिला बँकेनं प्रमोशन देऊन हुबळीला यायला सांगितलंय. हो की नाही ते ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचं. म्हणाली, लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून आपण दोघं भाजी काय आणायची याच्यापलीकडे बोलत नाही. दर रविवारी पहाटे ती आमच्या गल्लीतल्या मंजुनाथच्या ग्रुपबरोबर शहराच्या कडेला तुरहळ्ळीच्या जंगलात सायकल चालवायला जाते. तुम्ही एकदा तरी बरोबर या, म्हणजे मला ठरवायला बरं पडेल, एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, एकदा काय, दर रविवारी येईन.

प्रश्न सुटल्यात जमा.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

सुट्टी. आमच्या अख्ख्या चामराजपेटेत गाड्या धुवून झेंडूत बुडवलेल्या. आमची सायकल मंजुनाथच्या छापखान्याच्या लगेज ऑटोशेजारी दिमाखात उभी केली. आईनं फोर्कच्या दोन्ही दांड्यांना ओलं गंध फासलं, कुंकू लावलं, वरून नारळाचं पाणी सोडलं आणि उजव्या दांडीला हळदीचा पिवळा दोरा बांधला. केळीचा खुंट बांधताना सायकल पुढून खालीवर डुलायला लागली. फोर्कच्या डोक्यावर एक निळं बटण आहे, ते फिरवलं, तर एकदम गप्प. अशा वेळी डोकं चालवावं लागतं.

मग चाकाखाली लिंबू. सगळ्यांची लिंबं फटाफट फुटली. मी सायकलवर बसलो नव्हतो, हातानंच ढकलत होतो (शर्ट नवा होता). लिंबू सुळकन निसटून गटारापाशी गेलं. परत ठेवलं, परत निसटलं. गल्ली हसली. मेघाही हसली. आई मात्र हसली नाही. म्हणाली, हे अर्धवट राहिलं बघ, कधीतरी पुरं करावं लागेल.

५ ऑक्टोबर, रविवार

पहाटे उठलो. हेल्मेट घातलं. दारात पुढचा ब्रेक दाबून हँडलवर सगळं वजन टाकलं, तर फोर्क हलेचना! ऑफिसातला क्षितिज पुण्याचा आहे, त्याला सायकलीतलं कळतं. त्यानं सांगितलं होतं की दांडीला दोरी बांधून नुसतं सीटवर बसायचं. दोरी जेवढी सरकेल तेवढा फोर्क दबला. साधारण एक चतुर्थांश दबला तर फोर्क चांगला. दोरा आयता होताच. बसून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा सरकला असेल.

मंजुनाथनं एकदा टायर दाबला आणि म्हणाला, सरी इदे सर, बन्नी. म्हणजे ठीक आहे, चला. त्याचं काय, लग्नपत्रिका छापणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या सायकलीला सस्पेन्शनच नाही. मेघाच्या सायकलीलाही नाही, पुढे बास्केट आहे. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की असल्या फोर्कवर दगडांत गेलं तर मनगटं कामातून जातात. मेघा थोडा वेळ थांबली. मग ते निघाले.

संकल्प: बुधवारच्या आत फोर्कचा निकाल लावायचा. (आत्ता स्वल्प झोपतो.)

८ ऑक्टोबर, बुधवार, बसमध्ये

सिल्क बोर्डच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय. सर्जापूर रोडच्या ऑफिसात नोकरी असण्याचा एकच फायदा, व्हिडिओ भरपूर बघून होतात. फोर्क किती दबतो, किती वेगानं परत येतो, आत तेल आहे की हवा, सगळं पाठ झालं. दुकानदाराला फोन केला. सायकल घेऊन या, बघतो, म्हणाला. आता फोर्क नीट नाही म्हटल्यावर मी ती चालवत कशी नेणार? लोक विचार करत नाहीत. हातानं ढकलत न्यायची म्हणजे वाटेत ओळखीचे लोक भेटणार.

निकाल रविवारवर.

१२ ऑक्टोबर, रविवार

मेघा निघाल्यावर शास्त्रशुद्ध चाचणी. सायकल दोन पायऱ्यांवरून आपटली. दोरा जागच्या जागी. तीनदा आपटली. वरच्या मजल्यावरचे कोण मेलं म्हणून बघायला आले. दांड्यांवरच्या गंधानं वाळून खपली धरलीय, ते आत अडकत असेल असं वाटून फडकं घेतलं, तर आई ओरडली. पूजेचं गंध पुसायचं नसतं, आपोआप जाईल म्हणाली. धर्माच्या बाबतीत मी वाद घालत नाही.

मेघा आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, आणि एकटीच हसत. काय झालं विचारलं. म्हणाली, सांगून मजा नाही हो, तिथं असायला पाहिजे होतं. इडली-वडा खाऊन आली होती. मी तिच्यासाठी उपमा केला होता. आईनं आणि मी खाल्ला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी घरी आलो तर माळ्यावरची मोठी सूटकेस खाली. मेघा म्हणाली, धूळ झटकत होते. सूटकेसला धूळ नव्हतीच. झटकून झाली असेल.

घाबरलो. इथे लिहायला काय हरकत आहे, फार घाबरलो. ती जाऊ नये. ती गेली तर या घरात मी कुणासाठी यायचं? हे तिला सांगायला हवं. पण असं कांदा चिरताना कसं सांगणार? जंगलात एक टेकडी आहे, सगळे तिथं बसून पाणी पितात म्हणे. तिथं सांगेन. आधी फोर्क नीट होऊ दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

काही दिवस वाईटच असतात. पहाटे मेघा माझ्या उशाशी येऊन बसली. आज? असं विचारलं. फार हळू विचारलं. मी उठलो, बूट घातले, दारात गेलो, फोर्क दाबला. दगड.

माझा आवाज जरा चढला. बोलून गेलो की ही सायकलच पुरेशी नाही, जंगलाच्या लायकीची नाही, हिच्यावर मी बसणार नाही. मंजुनाथ आणि त्याचा ग्रुप ऐकत होता. इतकी वाईट आहे? मेघानं विचारलं. मी म्हटलं, भंगारात दे. ती म्हणाली, सरी. एरवी ती माझ्याशी मराठीतच बोलते.

उद्या नरकचतुर्दशी, म्हणून संध्याकाळी अभ्यंगाचं पाणी भरून ठेवलं. दोघांनी मिळून हंडा उचलला. तेव्हा सांगता आलं असतं. हंडा जड होता.

२२ ऑक्टोबर, बलिपाडवा

नवा फोर्क मागवावा का? की याच फोर्कला आणखी एक संधी द्यावी? उतावीळपणा बरा नव्हे. मेघा दिवसभर फोनवर. मी आत गेलो की कन्नडमध्ये बोलते, जसं काही मला येत नाही. जन्म इथला आहे माझा. ती भाड्याचं घर बघत होती. मैत्रिणीसाठी बघत असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

चमत्कार! जाग उशिरा आली. दाराबाहेर ओट्यावर सायकल, आणि पिवळा दोरा थेट दांडीच्या वरच्या टोकाला! म्हणजे फोर्क पूर्ण दबतोय. दाबून पाहिला, लोण्यासारखा. गंधही गेलंय, आई म्हणाली तसं आपोआप. धीर धरला त्याचं हे फळ. घाईनं नवा मागवला असता तर? आत्ता गच्चीवर जाऊन मेघाला सांगतो. पुढच्या रविवारी आम्ही दोघं.

त्याच दिवशी, दुपारी

मेघा गच्चीवर बूट वाळत घालत होती. मी म्हटलं, फोर्क पास झाला. ती म्हणाली, अहो, सकाळी माझी सायकल पंक्चर होती, तुम्ही झोपला होता, म्हणून तुमची नेली. वरचं निळं बटण बंद करून ठेवलेलं होतं, ते सोडलं. गंध आईंना विचारून ओल्या फडक्यानं पुसलं. छान आहे हो सायकल, उतारावर हाताला एक धक्का जाणवला नाही.

मी म्हटलं, बघ, निवड कुणाची.

मग ती बुटांच्या नाड्या सोडवत राहिली. नाड्या सुटलेल्याच होत्या. म्हणाली, शुक्रवारी मी बँकेला हो कळवलं.

त्यावर बरंच काही बोलता आलं असतं. मला वाटतं मी विचारलं, दबल्यावर परत वर यायचा वेग कसा होता?

चांगला होता, म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहाटेच निघाली. मंजुनाथच्या लगेज ऑटोत दोन सूटकेस आणि आईनं दिलेला चटणीपुडीचा डबा. मग मेघानं विचारलं, ही सायकल नेऊ का? हुबळीत रविवारी जाणारे लोक आहेत म्हणे. तुम्हाला तर ती पुरत नाही.

सगळ्या गल्लीसमोर बोललो होतो. आता काय म्हणणार? म्हटलं, ने.

सिटी स्टेशनपर्यंत चालवतच नेते, तिथं पार्सलला टाकते, म्हणाली. आईनं आतून लिंबू आणलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवलं. मेघा आईच्या पाया पडली. माझ्याकडे बघून थांबली. हेल्मेटचा पट्टा नीट बसलाय ना, असं मी विचारलं. ती सीटवर बसली, पेडल मारलं, आणि लिंबू पहिल्याच झटक्यात सपाट. कोपऱ्यावर तिनं मागे न बघता हात केला.

झालं पुरं, आई म्हणाली. आणि मला म्हणाली, ते लिंबू झाडून टाक, कुणाचा तरी पाय पडेल. झाडलं. दगडावर वास राहिलाय.

ती बसली तेव्हा मी बघत होतो. फोर्क एक चतुर्थांश आत गेला, अगदी बरोबर. म्हणजे पहिल्यापासून चांगलाच होता. हे तिला फोन करून सांगणार आहे. बाकीचंही सांगायचंय. आधी गाडी हुबळीला पोचू दे.