दोन पंखांचं पहिलं विमान

रविवार, इंदूर

पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. ह्यांना सत्तरीत रिमोटवर विमान उडवायला शिकायचंय. आज दिवसभर दुकानं हिंडलो. विमान हवं तेही एकावर एक दोन पंखांचं, बायप्लेन, लहानपणी कॅलेंडरवर पाहिलेलं. ह्यांचा उजवा अंगठा हल्ली थरथरतो. मी तेवढंच बघत होते.

दुकानदार म्हणाला, "अंकलजी, पहले फोमवाला ट्रेनर लो. हाथ बैठ जाए, फिर दूसरा बायप्लेन."

"भिया, दूसरे तक रुकूँ, ऐसी उमर दिखती है क्या मेरी?" हे हसत म्हणाले. दुकानदारही हसला. मला नाही हसता आलं.

तसं दुकानदाराचंच बरोबर होतं. शिकाऊंचं ते ट्रेनर विमान आपटलं तरी चिकटवता येतं. बायप्लेनचे ते नाजूक पंख, आणि हा अंगठा... मोडलं की हे चार दिवस बोलणार नाहीत, मला ठाऊक आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, आधी पेन्सिल, अक्षर वळलं की पेन. आम्ही दोघं जन्मभर तसंच वागलो. पण आता?

शेवटी हे मन मारून ट्रेनरचा खोका उचलायला लागले, तेव्हा मीच म्हणाले, "अहो, ठेवा तो. बायप्लेनच घ्या. पडायचंच असेल, तर आवडीचं पडू दे."