पाठीवरच्या फुल्या

दिग्रस
१२ नोव्हेंबर २००७

प्रिय किसन,
सप्रेम नमस्कार.

सकाळपासून कानात आपल्या शाळेची घंटा वाजतेय. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर तू हाणलेला हातोडा. ठण्ण! मग कविता. पहिलं कडवं माझ्या बाकानं म्हणायचं, दुसरं तुझ्या बाकानं.

तू आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर दिवाळीसुद्धा रांगेतच काढलीस म्हणे. म्हणून कळवलं नव्हतं. माझ्या मणक्यात गाठ आहे. नागपूरला दहा वेळा किरणं द्यायची होती. सहा झाली आणि दिवाळीची सुट्टी लागली. नेम धरायला पाठीवर जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या होत्या. पाणी चालेल, घासायचं नाही, असं दहादा बजावलं होतं. आणि तुझ्या वहिनीनं, शुभदानं, नरकचतुर्दशीला उटणं लावून पाठ अशी लख्ख केली की फुल्या थेट मोरीत!

पाठ काय पाहुण्यांना दाखवायची होती? चार दिवस मी ओरडतोय. ही बाई उलट एक शब्द बोलत नाही, त्यामुळे डोकं आणखी उठतं. उद्या नव्यानं खुणा काढायला बोलावलंय. खंड पडला तर पाय जातील, असं डॉक्टर म्हणाले. मी शुभदाला म्हटलं, मी जाणारच नाही! सारखं काय नागपूर, नागपूर!

तिथं टणक फळीवर पालथं निजवतात. सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं. यंत्र कापसाच्या जिनिंगसारखं घुमतं. मी मनात कविता धरतो. पहिलं कडवं होतं. पुढचं येतच नाही रे, ते तुझ्या बाकाचं. मग घाम फुटतो.

खरं लिहितो. शुभदानं हात थांबवून विचारलं होतं, "अहो, इथं शाई आहे. इथं नको ना?"

मी म्हणालो, "चोळ."

तिनं हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

थांब, फाटक वाजलं. ओसरीत कुणीतरी आलंय, बोलणं इथवर ऐकू येतंय.

"वयनी, तुमचा फोन आला अन् निघालोच. वाम्याची थैली भरा. उद्या त्याले नागपूरले मी नेतो."

"अहो, पण तुमचा कापूस?"

"राहू द्या रांगेत. कापूस काई पळून नाही जात. याचे पाय गेले त?"

किसन, हे पत्र आता टपालात टाकत नाही. आत येशील तेव्हा आधी दुसरं कडवं म्हण.

तुझ्या शेजारच्या बाकावरचा,
भित्रा वामन