मोकळ्या रकान्यातले देश

सोमवार, ३ मार्च

मंडळाने मागवलेला तक्ता पुरा झाला! देशांचे दोन गट — गर्भपाताला बंदी असलेले आणि मुभा असलेले. शेजारी आणखी एक रकाना, शेकडा किती माणसं नेमाने प्रार्थनेला जातात त्याचा. निकाल दृष्ट लागावी इतका स्वच्छ. कायदा कडक, देवभक्ती जास्त — तिथे गर्भपात जवळजवळ नाहीतच. साहेब खूश. म्हणाले, दोन्ही बाजूंनी धरलं की माणूस सरळ चालतो. मी मान हलवली. माझं काम बेरीज करायचं, माणसं सरळ करायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च

धाकटी बहीण आली होती. तिला दिवस गेलेत. हे तिसरं, आणि नको आहे. नवरा बोटीवर, फोनवर बोलून झालं, तोही हो म्हणाला. इथे डॉक्टरला नुसतं विचारायचीही चोरी. म्हणून सरहद्दीपलीकडच्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. सोबत कोणी हवंच, एकटीला घेत नाहीत. “ताई, येशील ना?” येईन म्हटलं. रजा टाकते.

आईला कळता कामा नये. तिची प्रार्थना तापातही चुकत नाही. मागे शेजारच्या मुलीबद्दल कुजबुज झाली, तेव्हा आई भरल्या ताटावरून उठून गेली होती.

बुधवार, ५ मार्च

आई म्हणाली, धाकटीचा चेहरा उतरलाय. पित्त असेल, म्हटलं. विषय संपला.

शुक्रवार, ७ मार्च

गाढवपणा! माझाच. बंदीवाले बरेच देश आकडा कळवतच नाहीत. त्यांचे रकाने मोकळे होते. बेरीज अडू नये म्हणून मी एका झटक्यात सगळ्या मोकळ्या जागी शून्य भरून टाकलं होतं. म्हणजे ‘माहीत नाही’ याचं झालं ‘होत नाही’! शिवाय इथल्या बायका पलीकडे जातात, त्या पलीकडच्यांच्या आकड्यात चढतात. ते पापी, आम्ही सोवळे! पुढच्या गुरुवारी धाकटीही त्यांच्यातच मोजली जाईल.

साहेबांना सांगितलं. चेहरा पडला, पण रागावले नाहीत.

सोमवार, १० मार्च

सगळं नव्याने मांडलं. सरहद्द ओलांडणाऱ्या, घरगुती उपाय करून इस्पितळात पोचणाऱ्या — त्यांवरून अंदाज धरले. दोन गटांत आता फारसा फरक उरत नाही. प्रार्थनेचा रकाना तर कशाशीच धड जुळत नाही. कायद्याने काहीच होत नाही असंही छातीठोक म्हणवत नाही, अंदाजच ते. एवढंच लिहिलं — किती कमी होतात ते ठाऊक नाही. किती लपून होतात ते मात्र कायदा ठरवतो.

साहेबांनी वाक्य दोनदा वाचलं आणि राहू दिलं. मग म्हणाले, मंडळापुढे हे तुम्हीच मांडा. गुरुवारी. रजा रद्द.

मंगळवार, ११ मार्च

धाकटीला फोन केला. माझं येणं होत नाही म्हटलं. ही वेळ हुकली तर पुढची मिळेपर्यंत पलीकडच्या कायद्याचीही मुदत उलटते. साहेबांना नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. वाईट वाटतंय, आणि तरीही परवाच्या मांडणीचा विचार चालूच आहे — काय माणूस आहे मी!

फोन ठेवून वळले तर दारात आई. हातात ओले कपडे. सगळं ऐकलेलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार असं वाटलं, पण ती कपडे झटकत राहिली.

“किती वाजताची गाडी आहे?” म्हणाली. “मी जाते तिच्याबरोबर.”

बुधवार, १२ मार्च

आईने पिशवी भरली. जुने मऊ टॉवेल, शेकायची रबरी पिशवी, बिस्किटं, गडद रंगाचा जादा परकर. मला यातलं एकही सुचलं नसतं.

शुक्रवार, १४ मार्च

मंडळाने ऐकून घेतलं. धाकटी परत आली, बरी आहे, आत झोपली आहे. झोपण्यापूर्वी सांगत होती — गाडीतून उतरल्यावर तिने पत्त्याचा कागद काढला, तर आई त्याकडे न बघताच डावीकडे वळली. दवाखान्याशी थांबून म्हणाली, “माझ्या वेळी तुझी मावशी आली होती सोबत. तेव्हा हे दार हिरवं होतं.”

मी आईला कधी विचारलंच नव्हतं. शून्य धरून चालले होते.

ती आत्ता प्रार्थनेला गेली आहे, रोजच्यासारखी.