काबूलचा वाघ अकोल्यात जिंकला तेव्हा

वस्ताद, परवा अमरावतीत एका वादविवादात हरलो आणि घरी येताना एकटाच हसत होतो. त्या हसण्याचं कारण फक्त तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी म्हणून लिहायला बसलो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं अकोला मला अजून दिसतं. आपली तिकिटाच्या कुस्त्यांची कंपनी. कोण जिंकणार, कोण पडणार हे मालक आधीच ठरवायचे आणि मी भोंग्यावरून असा ओरडायचो, जणू मलाही ठाऊक नाही. धम्मदीक्षेनंतरचं गरम रक्त होतं, वाचनालयातली पुस्तकं फस्त करत होतो, आणि माणसानं कुणापुढं पाठ टेकू नये हे माझं ठाम मत होतं. आजही आहे. तुम्ही मला ‘बॅरिस्टर’ म्हणायचात. तुमचा जोडीदार म्हणजे ‘काबूलचा वाघ’. मूळचा आपल्या वऱ्हाडातल्याच तेल्हाऱ्याचा, दाढी वाढवलेला. तोंड उघडलं की काबूल संपायचं, म्हणून लोकांसमोर त्यानं फक्त गुरगुरायचं. गावोगाव तो पडायचा, तुम्ही जिंकायचात. अकोल्यातही तसंच ठरलं होतं. जठारपेठेतले तुमचे सासरे आणि मेहुणे फेटे बांधून पुढच्या रांगेत बसले होते. जावई सासुरवाडीत चीत झाला तर जन्मभर टोमणे.

आणि कनातीमागं लंगोट कसता कसता वाघ अडून बसला. “आज मी पडत नाही.”

“काहून बे?” मालक तापले.

“बायको आली हाय. तिकडं बायांच्या कोपऱ्यात बसली. लग्न झाल्यापासून मले पडतानाच पाहून राहिली.”

“अन् माहा सासरा समोर बसला, त्याचं काय?” तुम्ही कडाडलात. “तुले तं इथं कोणी ओळखत बी नाही!”

“तेच तं म्हणतो, वस्ताद. ओळखणारं एकच माणूस हाय.”

मी मध्ये उडी घेतली. तुम्ही वाकू नका, स्वाभिमान म्हणजे काय, वगैरे तुम्हाला ऐकवायला लागलो. “बॅरिस्टर, भाषण भाईर कर,” तुम्ही म्हणालात. खांद्यावरचा पंचा फेकलात आणि वाघाला हळूच विचारलंत, “कोणता कोपरा म्हणला?”

काय पडलात, वस्ताद! आधी त्याला गुडघ्यावर आणलंत, सासऱ्यांना मिशीवर ताव देऊ दिलात, आणि मग बरोबर त्या कोपऱ्यासमोर असे आदळलात की धुळीचा ढग उठला. वाघच घाबरला. तुमच्यावर वाकून, माझ्या भोंग्याच्या माइकजवळच बोलून गेला, “लागलं काय वो, वस्ताद?”

सगळ्या मैदानानं ऐकलं. “अबे, हा तं आपल्यातलाच दिसते!” कुणीतरी ओरडलं. मालक पांढरेफटक. माझ्या तोंडून निघालं, “पाहा मंडळी, वऱ्हाडच्या मातीचा गुण! काबूलचा वाघ एक कुस्ती खेळला अन् वऱ्हाडी बोलाले लागला!” हशा, शिट्ट्या, टोप्या हवेत. कोपऱ्यात एक बाई तोंडाला पदर लावून हसत उभी होती. तुम्ही पडल्या पडल्या तिकडंच पाहत होतात.

“जावईबापू, हे कसं झालं?” सासऱ्यांनी विचारलं.

“माती खराब होती, मामाजी,” पाठ झटकत तुम्ही म्हणालात.

तुम्ही आपणहून पाठ टेकलीत म्हणून मी चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही मात्र दर दिवाळीला सासुरवाडीचे टोमणे करंजीसारखे मजेत खात राहिलात.

परवा माझ्यासमोर वरूडची एक पोरगी होती. धीट, तयारीची. तिचा बाप संत्र्यांच्या पेट्या भरणारा, लेकीचं बोलणं पहिल्यांदाच ऐकायला आला होता. पुढच्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून. तिचा मुद्दा खोडणारं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं आणि खाली बसलो. बाहेर लोकांनी गाठलं, “सर, आज काय झालं?” म्हटलं, घसा खराब होता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. घसा ठणठणीत होता.