मब्रूकामावशीचे चाळीस घडे

नफ्ता, सोमवार, 8 जुलै 2019, सकाळी 10.40. पंपघरात दाढीच्या ब्रशने छोट्या संगणकाच्या बोर्डावरची धूळ झाडत होतो.

आजपासून रोजनिशी. गफ्साच्या तंत्रशाळेत दोन वर्षं काढली. तिसरं काढू दिलं नाही. नुकसान त्यांचं.

खजुराच्या बागांचं पाणी यापुढे हा बोर्ड सोडणार. आजवर लज़हरकाका सोडत. भोक पाडलेला तांब्याचा घडा पाण्याने भरून टांगायचा, रिकामा झाला की झावळीच्या पातीला एक गाठ. कुणाच्या बागेला वीस घडे गळेपर्यंत पाणी, कुणाच्या तीस. आजच्या काळात. किळस येते. गुरुवारी पहाटे मब्रूकामावशीच्या बागेची पाळी आहे, चाळीस घडे. ती बोर्डाने पार पाडली तर पाणी मंडळात कायमची नोकरी, असं अध्यक्ष नूरीसाहेब म्हणाले. पार पडणारच.

बोर्डाने कशावरून सुरू व्हायचं हे चार बारीक स्विच ठरवतात. फक्त पहिला वर: मेमरी कार्डावरून. फक्त दुसरा वर: आतल्या मेमरीतून. फक्त चौथा वर: नुसता लाल दिवा, कारखान्यातल्या तपासणीपुरता. छापील आकडे मुंगीएवढे, म्हणून त्यांवर माझ्या सुवाच्य आकड्यांची चिठ्ठी चिकटवली. पहिला वर केला.

मंगळवार, 9 जुलै

लाल दिवा. कार्ड खराब. नवं घेतलं, 18 दिनार. तेही खराब. दुकानदार चोर.

स्विच कुणाच्या बोटाने हलू नयेत म्हणून बहिणीचं नेलपॉलिश ओतून पक्के केले. हयात म्हणाली, बाटली माझ्या लग्नासाठी ठेवली होती, आता तुझ्या बोर्डाचंच लग्न लाव. अडाणी.

बुधवार, 10 जुलै, दुपारी

लाल दिवा. अडॅप्टरचा दोष. नवा, 25 दिनार. लाल दिवा.

माश्या. लज़हरकाका फुर्र फुर्र चहा पितात, ग्लास माझ्या टेबलावर ठेवतात, चिकट गोल उठतो. विचारतात, दिवा लाल म्हणजे रागावलाय का रे?

हाताने झडपेचं चाक फिरवून पाणी सोडलं तर चाचणी बिघडेल. चाकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

गुरुवार, 11 जुलै, सकाळी 9

लाल दिवा.

पहाटे साडेचारपासून मब्रूकामावशी कोरड्या पाटात फावडं घेऊन उभी. पाच मिनिटं थांबा म्हणालो. ती म्हणाली, होऊ दे बाळा, झाडं उभीच आहेत, त्यांना कुठे जायचंय. असं मी तिला बहुधा तीस वेळा थांबवलं. आठला तिची वेळ संपली. नूरीसाहेबांनी किल्ली माझ्या खिशातून स्वतः काढली. पाणी शेजारच्या बागेत गेलं. गेलेली पाळी परत मिळत नाही, पुढची आठ दिवसांनी. या उन्हात तोवर फळ गळतं. नियम मी केलेला नाही.

मग लज़हरकाकांनी नखाने माझी चिठ्ठी उचलली. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, छापलेली काठी त्या टोकाला, तुझी काठी या टोकाला. दोघं भांडलात का?

म्हणजे कारखान्याचा एक डावीकडे. माझा उजवीकडे, कारण आपण अरबी उजवीकडून लिहितो. मी वर केला तो त्यांचा चौथा. हे कारखान्याने आधी विचारायला हवं होतं.

नेलपॉलिश चाकूने खरवडलं. खरा पहिला स्विच तुटून चहाच्या ग्लासात पडला.

शुक्रवार, 12 जुलै, दुपारी 3

नूरीसाहेबांनी बोर्ड बिस्किटांच्या डब्यात ठेवला. नोकरीबद्दल म्हणाले, बस, विचार करतो. बहुधा चांगलाच विचार.

आज लज़हरकाकांच्या स्वतःच्या बागेची पाळी होती, तीस घडे. ते पाणी त्यांनी मब्रूकामावशीला दिलं. तिने नको नको म्हटलं, तर म्हणाले, माझी झाडं म्हातारी आहेत, त्यांना उपासाची सवय आहे. स्वतः बांध सांभाळायला गेले. घड्यापाशी मला बसवलं. गाठी मारायला अक्कल लागत नाही, म्हणाले. तांब्याला वास येतो. पातीने बोटं कापतात.

हा घडा रिकामा होईतो हिशेब पुरा करून घेतो.

खर्च: कार्ड 18, अडॅप्टर 25, कुलूप 7. एकूण 50 दिनार.
देणं: हयातला नेलपॉलिशची बाटली, 6 दिनार. मब्रूकामावशीला दहा घडे. लज़हरकाकांना तीस.
गाठी आतापर्यंत: सतरा. किंवा एकोणीस. लिहिता लिहिता घडा रिकामा झालाय. कधी झाला, पाहिलं नाही.