ओढ्याकाठची दातेरी पानं

मॅडम, काल कॉलेजातून आले आणि चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिले. तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर मी आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. थकवा हल्ली झोपेनं जात नाही.

माझा प्रबंध तुम्ही थांबवलात तो दिवस आठवतो. उष्ण प्रदेशात गुळगुळीत कडांच्या पानांची झाडं जास्त, थंडीत दातेरी कडांच्या पानांची. दगडातल्या पानांच्या ठशांत दोन्हींचं प्रमाण काढायचं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीची हवा किती उबदार होती ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझं उत्तर फार थंड आलं होतं. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "अगं, याच दगडात ताडाचाही ठसा आहे. ताडानं एवढी थंडी सोसली असती का?" शिष्यवृत्ती संपत आलेली, घरी लग्नाची घाई. मी तुमच्यासमोरच रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. म्हणालात, "उद्या हरसूलला जाऊ."

हरसूलच्या ओढ्याकाठी आपण प्रत्येक झाडाची पानं घेतोय; आता वाळुंजाची दातेरी पानं तोडतोय. शेळ्या घेऊन आलेली एक बाई थांबून बघते. "बाई, ह्यो पाला शेळ्या नाय खायच्या."

"शेळ्यांना नाही, दगडांना दाखवायचाय," तुम्ही म्हणता, आणि ती तोंडाला पदर लावून हसते. मग पाण्यापासून दूर, वरच्या डोंगरातली पानं वेगळ्या पिशवीत. घरी येऊन मोजलं, तर एकाच हवेत वाढूनही काठावर दातेरी जाती कितीतरी जास्त निघाल्या. माझे ठसेही तळ्याकाठच्या गाळातलेच होते. म्हणून ती खोटी थंडी. प्रबंध नव्याने लिहायला वर्ष गेलं. तो पूर्ण झाला तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात.

काल माझ्या विद्यार्थिनीनं तिचा प्रबंध सहीसाठी समोर ठेवला. तीच चूक. परीक्षकांच्या लक्षात आली नसती. पेन हातात होतं आणि, खरं सांगते, सही करून घरी जावंसं फार वाटलं. पेन ठेवलं. तिला चूक दाखवली. ती रडली. मी पाणी आणून दिलं. तुमच्याइतकं कोरडं राहणं मला जमत नाही.

डोळे पुसून तिनं विचारलं, "मॅडम, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी हवा किती उबदार होती हे कळून आज कुणाला उपयोग आहे?"

"आहे गं," मी म्हटलं.

कुणाला, ते मला सांगता आलं नसतं. तिनं पुढे विचारलं नाही, तेव्हा बरंच वाटलं. उपयोग कुणाला हे मलाही माहीत नाही, असं तुमच्या तोंडावर मी कधीच बोलले नसते.