दादाच्या टाकीतली वेल

४ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या! त्यांच्या वेटिंग रूममध्ये मी माशांची चार फुटी काचेची टाकी उभारायची. पाणी अर्ध्यापर्यंतच, वर झाडं — अख्खा नदीकाठ!

अशीच टाकी गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी केली होती, दादाच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून. दीड महिना ओल्या बाह्यांनी राबले. पहिलं बक्षीस आलं आणि पाटीवर नाव कोणाचं? त्याचं! "दुकान माझं, म्हणजे टाकी माझीच की." सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. अकरा वर्षं त्या दुकानात काढली होती. दुसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवून निघाले.

९ फेब्रुवारी

मागच्या काचेला दगडांची भिंत झाली. काचेवर कप अडकवले, कपांत खडी, खडीत नेचे आणि पीस लिली. मुळं खाली पाण्यात लोंबतात. मासे त्यांच्यात शिरून बसतात आणि माशांची घाण झाडं खातात, सगळ्यांचं भागतं. डाव्या कोपऱ्यात वाळूचा उतार केला. तो तीनदा ढासळला — मी तीनदा शिव्या दिल्या. समोर गाल सुजलेले एक आजोबा होते, ते हसले आणि लगेच कळवळले.

११ फेब्रुवारी

दादा आला! म्हणे दाढ दुखतेय. त्याच्या दाढा खडे फोडतील! माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. टाकीचे फोटो मात्र सतरा काढले. मी मोजले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रदर्शन आहे. काही लाज?

१२ फेब्रुवारी

आंघोळ करताना सुचलं आणि साबण हातातून निसटला.

दादाला मासे कळतात. मासा कसा पोहतोय यावरून त्याचं दुखणं सांगतो. झाडांतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नाही, ते काम कायम माझ्याकडे असायचं. टाकीत कोणतं झाड चालतं आणि कोणतं सडतं, हे त्याने मला कधी विचारलंही नाही. गरजच पडली नाही ना! आता पडेल.

१३ फेब्रुवारी

कोरड्या मातीतली एक वेल आणली. जाड, गोल पानं, झुपकेदार, बघताच आवडावी अशी. तिच्या मुळांना पाणी सोसत नाही — दोन आठवड्यांत कुजतात आणि सगळं पाणी नासवतात. मी ती दगडामागे वेगळ्या, बंद कुंडीत ठेवली, कोरडीठाक. समोरून बघणाऱ्याला वाटावं, मुळं पाण्यातच आहेत. मीच फसले असते!

१५ फेब्रुवारी

दादा पुन्हा आला. आता म्हणे हिरडी. वेलीचे फोटो नऊ.

१८ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "अगं, त्या गोल पानांच्या वेलीचं नाव काय? तुझा दादा चार दुकानं हिंडला."

नाव सांगितलं. वर साळसूदपणे म्हणाले, "मुळं पूर्ण पाण्यात बुडव म्हणावं." आवाज जरासुद्धा हलला नाही.

वहिनी घुटमळली. "तुला एक सांगायचं होतं गं, पण त्याने मला शपथ घातलीये." मी म्हटलं, मग नको सांगूस. फोन ठेवला. त्याच्या शपथा त्याच्यापाशीच राहू देत.

२२ फेब्रुवारी

वहिनी म्हणते, टाकी उभी राहिली. वेल अगदी मधोमध लावलीये! उद्घाटन ८ मार्चला, परीक्षक तिसऱ्या दिवशी येणार. हिशोब चोख बसतोय.

माशांचं काय? दादा त्यांना मरू देणार नाही, पाणी नासायला लागलं की त्याला लगेच कळेल. बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. एवढं एकच मनाला लागून आहे.

१ मार्च

फोन करून सांगावं का? हात फोनपर्यंत गेला. मग ती पाटी आठवली. त्याचं नाव, ठसठशीत अक्षरांत, आणि मी गर्दीत टाळ्या वाजवतेय. नाही सांगणार!

८ मार्च

उद्घाटन. गेले नाही. दिवसभर नखं खाल्ली.

९ मार्च

शेजारची जाऊन आली, गर्दीमुळे लांबूनच पाहिलं म्हणे. "तुझ्या भावाची टाकी झकास आहे, पण पाणी गढूळ दिसलं गं."

गढूळ! स्वतःसाठी चहा केला आणि दोन कप प्यायले.

१० मार्च

सकाळी प्रदर्शनातून फोन. "ताई, तुमची टाकी नासलीये. तासाभरात परीक्षक येतील."

"माझी नाही, माझ्या भावाची."

"अहो, अर्जावर तुमचंच नाव, पाटीवरही तुमचंच. जानेवारीतच त्यांनी स्वतः भरून दिलाय. म्हणाले होते, तिला आत्ता कळवू नका, बक्षिसाच्या वेळीच बोलवू. आत्ता ते मासे बादलीत काढतायत. सारखं म्हणतायत — माझ्या बहिणीला बोलवा, झाडांचं तिलाच कळतं."